इतरांचा संघ

कृष्णेच्या काठी वसलेली सांगली ही दोन गोष्टींसाठी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी येथेच मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला. दुसरी गोष्ट म्हणजे येथील तालमी. तांबड्या मातीत अंग घुसळून घेणारे आणि पहाटे उठून जोर-बैठकांचा रतीब घालणारे पैलवान या भागाला कधी कमी पडले नाहीत. अशा या नगरीत ११ मार्च १९१५ रोजी विजय सॅम्युअल हजारे यांचा जन्म झाला. वडील शिक्षक होते. घरात आठ मुले होती. शिक्षकाच्या मिळकतीत एवढ्या मुलांचे पोषण करावयाचे, म्हणजे काटकसर ही त्या घरात कोणी शिकविण्याची वस्तू नव्हतीच, ती दररोजच्या ताटात वाढलेली असे.

हजारे यांचे कुटुंब मराठी ख्रिस्ती होते. बापाचे नाव बायबलातील आणि मुलाचे नाव अस्सल मराठी, ही गोष्ट त्या काळच्या कित्येक घरांतून दिसून येई. शेजारच्या मिरजेत डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या मिशन रुग्णालयाची कीर्ती दूरवर पसरली होती. ख्रिस्ती उपासनामंदिरांतून रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची भजने अभंगाच्या चालींवर, टाळांच्या साथीने गाइली जात. धर्म नवा होता. पण भाषा, सूर आणि माती तीच होती.

या मंदिरांतून वाचल्या जाणाऱ्या ग्रंथात खेळाडूंना परिचित वाटावी अशी एक जागा आहे. संत पौलाने ग्रीस देशातील करिंथ नगरातील श्रद्धावानांना पहिले पत्र लिहिले, त्यात त्याने धर्माचरणाला शर्यतीची उपमा दिली आहे. करिंथजवळ मोठे क्रीडामहोत्सव भरत. तेथे धावणारे आणि मुष्टियुद्ध खेळणारे लोक त्या वाचकांनी डोळ्यांनी पाहिलेले होते. शर्यतीत उतरणारा मनुष्य आहारविहारात स्वतःला आवरतो, तो कशासाठी, तर पानांच्या एका मुकुटासाठी. तो मुकुट चार दिवसांत सुकून जातो. मग ज्याला न सुकणारा मुकुट हवा आहे, त्याने स्वतःला किती आवरावे, असा पौलाचा रोख आहे. तो स्वतःचीही तुलना मुष्टियोद्ध्याशी करतो. हवेत हात उडवून आपण लढत नाही, आपल्याच शरीराला आपण कह्यात ठेवतो, असे तो म्हणतो.

तरीही खेळ आणि धर्म यांचे सख्य सर्वांना मान्य होते असे नाही. टिळकांच्याच जन्मवर्षी, म्हणजे १८६१ साली, कॅनडात जेम्स नेस्मिथ नावाचा मुलगा जन्मला. पुढे तो धर्मशास्त्राचा विद्यार्थी झाला. धर्मोपदेशक होऊ पाहणाऱ्याने मैदानावर धक्काबुक्कीचे खेळ खेळावेत, हे त्याच्या काही मित्रांना मुळीच रुचले नाही. नेस्मिथला मात्र असे आढळून आले की, मैदानावर तरुणांचा स्वभाव जितका उघडा पडतो तितका तो प्रवचनाच्या वेळी पडत नाही. व्यासपीठ सोडून त्याने व्यायामशाळा धरली. १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे त्याने व्यायामशाळेच्या सज्जाला फळांच्या दोन टोपल्या अडकविल्या आणि मुलांच्या हाती चेंडू दिला. बास्केटबॉल हा खेळ असा जन्मास आला. या खेळात चेंडू घेऊन धावता येत नाही आणि प्रतिस्पर्ध्याला ढकलता येत नाही. नियमच असे घडविले होते की, ज्याला राग आवरत नाही त्याला खेळताच येऊ नये.

सांगलीच्या विजयने कुस्तीची माती सोडून चेंडूफळीचे मैदान धरले. प्रारंभी तो गोलंदाजीत अधिक रमे. त्या काळी क्रिकेटचा आश्रय प्रायः संस्थानिकांकडे असे. आज सांगली जिल्ह्यात मोडणारे जत हे त्या वेळी एक लहानसे संस्थान होते. तेथील राजेसाहेबांना क्रिकेटचा मोठा नाद. त्यांच्या पदरी विजय हजारे यांना एका थोर गुरूचा लाभ झाला. ऑस्ट्रेलियाचे क्लॅरी ग्रिमेट हे ते गुरू होत. कसोटी सामन्यांत दोनशेहून अधिक बळी मिळविणारे ते जगातील पहिले गोलंदाज. शरीराने लहानखुरे आणि डोक्याचे केस विरळ झालेले असे हे गृहस्थ कोणाच्या नजरेत भरण्यासारखे नव्हते. परंतु चेंडूवरील त्यांची हुकमत विलक्षण होती. ती त्यांनी घरामागच्या अंगणात एकट्याने सराव करून मिळविली होती. टाकलेले चेंडू गोळा करून आणण्यास त्यांनी आपल्या कुत्र्याला शिकविले होते, आणि षटक पुरे झाल्यावाचून तो कुत्रा जागचा हलत नसे, असे सांगतात. गोष्टीत थोडे मीठमिरची असेलही. पण ज्याच्या कुत्र्यालाही षटकातील चेंडू मोजण्याची सवय लागावी, त्याने स्वतः किती षटके टाकली असतील याची कल्पना करता येते.

जपानी कराटे विद्येत ‘काता’ नावाचा एक भाग असतो. ठरावीक पवित्रे ठरावीक क्रमाने, समोर प्रतिस्पर्धी नसताना, पुन्हा पुन्हा करावयाचे. नवख्या मुलाला ते कंटाळवाणे वाटते. त्याला मारामारी हवी असते. गुरू मात्र त्याला वर्षानुवर्षे तेच पवित्रे करावयास लावतो. कारण प्रसंग आला असता विचार करण्यास वेळ नसतो, जे अंगात मुरले असेल तेवढेच बाहेर येते. हजारे यांची फलंदाजी याच जातीची होती. ती प्रेक्षणीय नव्हती हे मान्य केले पाहिजे. चेंडूची वाट पाहत ते उभे राहत, तेव्हा बॅट दोन पायांच्या पॅडांमध्ये अडकून बसल्यासारखी दिसे. ही पद्धत पुस्तकी नव्हती. पण ती त्यांच्या अंगात मुरलेली होती आणि एवढ्यावरून त्यांना बाद करणे गोलंदाजांना सोपे गेले नाही. चेंडू सोडावयाचा असेल तर ते तो सोडत. पंचांनी बाद दिले तर मुकाट्याने तंबूकडे वळत. मैदानावर त्यांचा आवाज कोणी ऐकला असेल तर तो धाव काढण्यासाठी जोडीदाराला दिलेल्या हाकेचाच.

१९३९-४० च्या मोसमात प्राध्यापक दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला. त्याच मोसमात पुणे येथे बडोद्याविरुद्ध हजारे यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या. रणजी स्पर्धेतील ते पहिले त्रिशतक होय. देवधरांच्या त्या संघात हजारे हे महाराष्ट्राचे खेळाडू होते, बस्स. कोण कोणत्या देवाची प्रार्थना करतो, याचा तेथे संबंध नव्हता.

मुंबईस मात्र निराळा प्रकार होता. त्या काळी देशातील सर्वांत लोकप्रिय सामने रणजी करंडकाचे नव्हते. ते होते मुंबईचे पंचरंगी सामने. प्रथम युरोपियन आणि पारशी हे दोनच संघ खेळत. १९०७ साली हिंदूंचा संघ आला, १९१२ साली मुसलमानांचा. आता प्रश्न उरला तो असा की, जे यांपैकी कोणीच नव्हते त्यांनी काय करावे? देशात ख्रिस्ती होते, अँग्लो-इंडियन होते, बौद्ध होते. अलिबाग, पेण, पनवेल या कोकणपट्टीतील गावांतून शेकडो वर्षे नांदत आलेले, मराठी बोलणारे बेने इस्रायल म्हणजे ज्यू लोक होते. पनवेलीस त्यांचे प्रार्थनामंदिर आजही उभे आहे. या सर्वांची मोट बांधून १९३७ साली पाचवा संघ करण्यात आला. त्याला नाव देण्यात आले ‘द रेस्ट’, म्हणजे ‘इतर’ किंवा ‘उरलेले’. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात अपमान करण्याचा हेतू नसेल. पण जो मनुष्य पुण्यास महाराष्ट्राचा असतो, तो मुंबईच्या स्थानकावर उतरताच ‘उरलेला’ होतो, ही गोष्ट काही गोड म्हणता येणार नाही. धर्मावरून संघ पाडण्याची ही पद्धत महात्मा गांधींना अयोग्य वाटत होती. १९४० च्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी त्यांना भेटावयास गेले, तेव्हा त्यांनी आपले मत स्पष्टपणे सांगितले. तथापि सामने आणखी काही वर्षे चालूच राहिले.

या ‘उरलेल्यां’च्या संघाचा आधारस्तंभ होते विजय हजारे. १९४३ सालचा मोसम उजाडला. मुसलमानांच्या संघाविरुद्ध हजारे यांनी २४८ धावा केल्या आणि आपल्या संघाला अंतिम सामन्यात नेऊन पोहोचविले. अंतिम सामना ब्रेबोर्न मैदानावर होता आणि प्रतिस्पर्धी होता हिंदूंचा बलाढ्य संघ. त्यात विजय मर्चंट होते. दोन विजयांची ही स्पर्धा पाहण्यास मुंबई लोटली. मर्चंट यांनी नाबाद २५० धावा काढून हजारे यांना दोन धावांनी मागे टाकले. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव घोषित केला. ‘उरलेल्यां’चा पहिला डाव अवघ्या १३३ धावांत आटोपला. फॉलोऑन मिळाला. दुसऱ्या डावातही एकामागून एक फलंदाज बाद होत गेले आणि धावफलकावर ५ बाद ६० असे आकडे लागले. सामना संपल्यात जमा होता.

त्या वेळी विजय यांच्या जोडीला त्यांचा धाकटा भाऊ विवेक येऊन उभा राहिला. विवेक हा काही मोठा फलंदाज नव्हे, आणि ही गोष्ट त्याच्याइतकी दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसावी. आपणास धावा जमणार नाहीत. पण बाद न होणे हे आपल्या हाती आहे, एवढे त्याने ओळखले. एका बाजूने विजय चौकार मारीत होते आणि दुसऱ्या बाजूने विवेक चेंडू अडवीत होता. एक तास गेला, दोन तास गेले, तीन तास गेले. मोह होण्याजोगे चेंडू पडत होते. प्रेक्षक आरोळ्या देत होते. विवेकची बॅट मात्र आडवी म्हणून झाली नाही. ही जोडी फुटली तेव्हा दोघांनी मिळून ३०० धावा केल्या होत्या. त्यांपैकी विवेकच्या होत्या एकवीस.

विजय हजारे ३०९ धावा काढून परतले. मर्चंट यांचा उच्चांक मागे पडला. संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्याच्या! असे प्रमाण मोठ्या क्रिकेटमध्ये फारच क्वचित आढळते. आणि इतके होऊनही ‘उरलेल्यां’चा एक डाव आणि ६१ धावांनी पराभव झाला. पराभव टळणार नाही हे दोघा भावांना पहिल्या तासातच दिसत असले पाहिजे. ते खेळत राहिले. १९४६ च्या प्रारंभी पंचरंगी सामने कायमचे बंद पडले. त्या संघांची नावे आता जुन्या धावफलकांवरच उरली आहेत.

हजारे पुढे बडोद्याकडून खेळू लागले. १९४७ च्या मार्चमध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात बडोद्याची गाठ होळकर संघाशी पडली. हजारे यांच्या जोडीस होते लाहोरचे गुल महंमद. त्या दिवसांत पंजाबात दंगली भडकल्या होत्या. माणसे धर्म विचारून एकमेकांवर तुटून पडत होती. बडोद्याच्या मैदानावर एक मराठी ख्रिस्ती आणि एक पंजाबी मुसलमान तासन्‌तास एकमेकांच्या हाकेवर विश्वास ठेवून धावत होते. गुल महंमद यांनी ३१९ आणि हजारे यांनी २८८ धावा काढल्या. दोघांची भागीदारी ५७७ धावांची झाली. पहिल्या दर्जाच्या क्रिकेटमध्ये कोणत्याही गड्यासाठी इतकी मोठी भागी त्यापूर्वी झाली नव्हती, आणि २००६ साली श्रीलंकेच्या संगक्कारा व जयवर्धने यांनी ६२४ धावा करेपर्यंत, म्हणजे एकोणसाठ वर्षे, ती अबाधित राहिली. काही वर्षांनी गुल महंमद पाकिस्तानचे नागरिक झाले आणि १९५६ साली त्या देशाकडून एक कसोटी सामनाही खेळले.

हजारे यांचा पहिला कसोटी सामना १९४६ साली लॉर्ड्‌स येथे झाला. तेव्हा त्यांचे वय एकतीस होते. दुसऱ्या महायुद्धामुळे भारताचे कसोटी सामने दहा वर्षे बंद पडले होते. खेळाडूच्या आयुष्यातील उमेदीची वर्षे अशी रिकामी गेली. त्याबद्दल रडत बसण्यास सवड नव्हती. कारण १९४७-४८ चा ऑस्ट्रेलियाचा दौरा समोर येऊन ठेपला.

१९४८ च्या जानेवारीत अॅडलेड येथे ऑस्ट्रेलियाने ६७४ धावांचा डोंगर रचला. ब्रॅडमन यांनी द्विशतक काढले. लिंडवॉल आणि मिलर यांच्या वेगवान चेंडूंपुढे हजारे यांनी पहिल्या डावात ११६ धावा केल्या. कोल्हापूरच्या दत्तू फडकर यांनी १२३. तरीही फॉलोऑन चुकला नाही. दुसऱ्या डावात भारताचे सहा फलंदाज शून्यावर बाद झाले. अकरापैकी सहा! हजारे यांनी १४५ धावा केल्या. एकाच कसोटी सामन्यात दोन शतके काढणारे ते पहिले भारतीय ठरले. सामना भारताने डावाने गमावला. येथेही ब्रेबोर्न मैदानावरचीच कथा पुन्हा घडली असे म्हणावयास हरकत नाही.

१९५१ साली हजारे यांच्याकडे भारताचे नेतृत्व आले. इंग्लंडविरुद्ध दिल्ली येथे त्यांनी नाबाद १६४ आणि मुंबई येथे १५५ धावा केल्या. १९५२ च्या फेब्रुवारीत मद्रास येथे मालिकेचा शेवटचा सामना झाला. विनू मंकड यांनी दोन्ही डावांत मिळून बारा बळी घेतले. पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांनी शतके काढली. भारताने एक डाव आणि ८ धावांनी विजय मिळविला. १९३२ पासून खेळलेल्या कसोटी सामन्यांतील हा भारताचा पहिला विजय. स्वतः हजारे यांचा धावांच्या दृष्टीने त्यात मोठा वाटा नव्हता. आयुष्यभर हरणाऱ्या संघातून शतके काढणाऱ्या या मनुष्याला पहिला विजय मिळाला, तो मात्र इतरांच्या शतकांनी.

विजयाचा आनंद चार महिने टिकला. जूनमध्ये इंग्लंडात लीड्‌स येथे भारताच्या दुसऱ्या डावाला प्रारंभ झाला, आणि फ्रेड ट्रूमन नावाच्या नवख्या वेगवान गोलंदाजाने कहर केला. पंकज रॉय गेले, दत्ताजीराव गायकवाड गेले, माधव मंत्री गेले, विजय मांजरेकर गेले. धावफलकावर चार गडी बाद आणि धावा शून्य. कसोटी क्रिकेटच्या इतिहासात असा प्रारंभ कोणत्याही संघाचा झालेला नव्हता. मैदानावर सन्नाटा पसरला. हजारे खेळावयास आले. त्यांनी नेहमीप्रमाणे बॅट पॅडांमध्ये टेकविली. २६ धावांवर पाचवा गडी पडला, तेव्हा फडकर त्यांच्या जोडीस आले आणि दोघांनी १०५ धावांची भर घातली. हजारे यांच्या ५६ झाल्या. सामना इंग्लंडनेच जिंकला.

कर्णधारपदाचे ओझे हजारे यांच्या शांत स्वभावाला फारसे मानवले नाही, असे त्यांच्या काळच्या जाणकारांचे मत होते, आणि ते खरेही असावे. दुसऱ्यावर हुकूम चालविणे हा स्वतःला आवरण्याहून अगदी निराळा गुण आहे. १९५३ साली त्यांचे कसोटी क्रिकेट संपले. तीस सामन्यांत २१९२ धावा आणि सात शतके, एवढी त्यांची कसोटीतील कमाई. पहिल्या दर्जाच्या सर्व सामन्यांत मिळून त्यांनी अठरा हजारांहून अधिक धावा आणि साठ शतके काढली, शिवाय जवळजवळ सहाशे बळी घेतले. १९६० साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. पुढचे दीर्घ आयुष्य त्यांनी बडोद्यातच घालविले. १८ डिसेंबर २००४ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

राज्याराज्यांतील एकदिवसीय सामन्यांच्या स्पर्धेस आता ‘विजय हजारे करंडक’ असे नाव आहे. महाराष्ट्र, मुंबई, बडोदा, पंजाब असे संघ त्यात उतरतात. त्यांपैकी कोणत्याही संघाचे नाव ‘इतर’ असे नाही. विवेकच्या नावाचा करंडक कोठे नाही. ब्रेबोर्न मैदानावरील त्या डावाच्या जुन्या धावफलकात ३०९ या आकड्याच्या थोडे खाली पाहिले, तर त्याचे २१ आजही वाचता येतात.